झारच्या राजधानीतली खबरबात

पहिल्या महायुद्धात रशियाचा झार निकोलस दुसरा हा ब्रिटन आणि फ्रान्सचा दोस्त. पण पेट्रोग्राडमधल्या या दोन्ही देशांच्या वकिलाती ज्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होत्या, तो हाच दोस्त. झार पडला तर पूर्वेची आघाडी पडणार, आणि ती पडली तर जर्मनीचं सैन्य पश्चिमेकडे वळणार, ही धास्ती होती. त्या पाळतीतून जमलेल्या या काही भन्नाट गोष्टी.

एका पत्राला दोन तारखा

रशिया तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरायचा. ते युरोपच्या १३ दिवस मागे. म्हणून झारला घालवणारी 'फेब्रुवारी क्रांती' झाली ती बाकी जगाच्या मार्च महिन्यात. पत्रव्यवहारात बऱ्याचदा दोन्ही तारखा लिहाव्या लागत. शहराचं नावही युद्ध सुरू होताच बदललेलं: सेंट पीटर्सबर्ग हे जर्मन वळणाचं वाटलं, म्हणून १९१४ मध्ये पेट्रोग्राड.

तेरा महिन्यांत चार पंतप्रधान

फेब्रुवारी १९१६ मध्ये म्हातारे गोरेमिकिन गेले आणि स्ट्युर्मर आले. नोव्हेंबरात त्रेपोव्ह, जानेवारी १९१७ मध्ये गोलित्सिन, आणि मार्चमध्ये सगळा खेळच खलास. ज्या मंत्र्याशी काल बोलणं झालं तो आज खुर्चीवर असेल, याची राजदूतांना खात्री नसे. झार स्वतः सरसेनापती होऊन शेकडो किलोमीटर दूर मोगिलेव्हच्या छावणीत बसलेला. राजधानीजवळच्या राजवाड्यातून झारिना अलेक्झांड्रा त्याला पत्रं पाठवायची. कुणाला मंत्री करावं, कुणाला काढावं, 'आपल्या मित्राचं', म्हणजे तिच्या मर्जीतल्या साधू रासपुतिनचं, मत काय, हे सगळं त्यांत असे. रशियाचे हे राजाराणी एकमेकांना पत्रं लिहायचे ती इंग्रजीत! झारिना व्हिक्टोरिया राणीची नात होती.

जुलै १९१६ मध्ये परराष्ट्रमंत्री सॅझोनोव्ह जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हा ब्रिटिश राजदूत सर जॉर्ज ब्युकॅनन यांनी थेट झारलाच तार केली की यांना काढू नका. परक्या देशाच्या राजदूताने इतकं पुढे जावं, हे धाडसच. सॅझोनोव्ह गेलेच.

तारा वाचणारा पाहुणा

राजदूत रशियावर नजर ठेवून होते, तर रशिया राजदूतांच्या तारा वाचत होता. परराष्ट्र खात्यात सांकेतिक लिपी फोडणारा एक गुप्त विभाग होता आणि त्यातला अव्वल माणूस अर्न्स्ट फेटरलाइन. ब्रिटनच्या तारांचे संकेतही या विभागाने फोडले होते. क्रांतीनंतर हाच फेटरलाइन ब्रिटनला गेला. ब्रिटिशांनी त्याला नोकरी दिली आणि तो रशियात सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांच्या तारा उलगडू लागला. त्याच्या बोटात माणकाची अंगठी असे, झारने दिलेली.

रासपुतिन गेला, बातमी आली

ब्रिटिश गुप्तवार्ता पथकाचा प्रमुख होता सॅम्युअल होअर, पार्लमेंटचा खासदार. स्वतःहून रशियन शिकला होता, त्यामुळेच ही कामगिरी त्याच्याकडे आली. डिसेंबर १९१६ च्या अखेरीस मोइका कालव्यावरच्या युसुपोव्ह वाड्यात रासपुतिनचा खून झाला आणि होअरने लंडनला सविस्तर अहवाल धाडला. वर्णन इतकं थरारक की त्याला स्वतःलाच खुलासा करावा लागला: हे 'डेली मेल'च्या धाटणीचं वाटेल, पण प्रकरणच असं सनसनाटी आहे की ते युद्धातल्या नेहमीच्या घटनेसारखं लिहिता येत नाही.

पुढची गंमत अशी की झारला संशय आला तो इंग्रजांचाच. खुनात सामील असलेला प्रिन्स फेलिक्स युसुपोव्ह ऑक्सफर्डला शिकलेला. त्याचा तिथला एक तरुण इंग्रज दोस्त या कटात होता, असं झारच्या कानावर गेलं. नववर्षाच्या दरबारात ब्युकॅनन यांना तो आरोप बिनबुडाचा असल्याचं झारला सांगावं लागलं. या विषयावर आजही पुस्तकं निघतात.

उभ्या उभ्या भेट

एरवी झार ब्युकॅनन यांना अभ्यासिकेत बोलवायचा, बसवायचा, सिगारेट पुढे करायचा. १२ जानेवारी १९१७ रोजी मात्र तो पूर्ण गणवेशात उभा होता आणि बसायला सांगितलं नाही. ब्युकॅनन तरी बोलले: तुम्ही आणि जनता यांच्यात भिंत उभी राहिली आहे, ती पाडा, लोकांचा विश्वास परत मिळवा. झारने उलट विचारलं, मी लोकांचा विश्वास मिळवायचा की लोकांनी माझा? या उत्तरानंतर आणखी कुठल्या गुप्त अहवालाची गरज होती, असं मला वाटत नाही.

राजदूताची रोजनिशी

फ्रेंच राजदूत मॉरिस पालेओलोग यांचा अड्डा सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यांत. तिथली कुजबुज, जेवणावळी, बॅलेच्या रात्री, रासपुतिनशी झालेली एक भेट, सगळं रोजनिशीत. पुढे ती तीन खंडांत छापली गेली. इतिहासकार ती जपून वाचतात, कारण काही भाग मागाहून रंगवल्याचा दाट संशय आहे. वाचायला मात्र बहारदार.

फुटबॉल खेळणारा वकील

मॉस्कोत ब्रिटिश वकिलातीचं काम तिशीही न गाठलेल्या ब्रूस लॉकहार्टकडे. युद्धाआधी तो मोरोझोव्ह कापड गिरणीच्या संघातून फुटबॉल खेळला होता. गिरणीतल्या लँकेशायरच्या इंग्रजांनीच तो संघ उभा केला होता. लॉकहार्ट रशियन बोलायचा, शहराच्या महापौराकडे आणि जिल्हा मंडळांचे पुढारी प्रिन्स ल्व्होव्ह यांच्याकडे त्याचं येणंजाणं. त्यामुळे पाव नाही, सरपण नाही, लोक काय बोलतात, हे त्याला घरबसल्या कळायचं. माझ्या मते त्या युद्धातली सर्वांत खरी खबर दरबारात वावरणाऱ्यांपेक्षा अशा माणसांकडून आली.

त्याचा पुरावा लगेच मिळाला. जानेवारीच्या अखेरीस लंडनहून लॉर्ड मिल्नर यांचं भलंमोठं शिष्टमंडळ आलं. मेजवान्या झाल्या, बैठका झाल्या. मॉस्कोत मिल्नर आणि ल्व्होव्ह यांची गाठ पडली, दुभाषा लॉकहार्ट. झार बदलला नाही तर तीन आठवड्यांत क्रांती होईल, असं ल्व्होव्ह यांनी बजावल्याचं लॉकहार्टने आठवणींत लिहिलं आहे. मिल्नर परतले आणि त्यांच्या अहवालाचा सूर निघाला तो असा, की क्रांतीच्या गप्पा फार फुगवून सांगितल्या जातात. ८ मार्चला पेट्रोग्राडच्या गिरण्यांतल्या बाया पावासाठी रस्त्यावर आल्या. १५ मार्चला झारने राज्य सोडलं. नव्या सरकारचे पंतप्रधान झाले प्रिन्स ल्व्होव्ह.

ऐन वेळी ब्युकॅननही शहरात नव्हते. थकलेले राजदूत फिनलंडला विश्रांतीसाठी गेले होते. ते परतले ११ मार्चला.

लेखकांची मांदियाळी

पेट्रोग्राडमध्येच ब्रिटिश प्रचार कचेरी चालवत होता कादंबरीकार ह्यू वॉलपोल. 'डेली न्यूज'चा बातमीदार होता आर्थर रॅन्सम. त्याने पुढे बोल्शेविक पुढारी ट्रॉट्स्कीच्या सेक्रेटरीशी लग्न केलं आणि मुलांसाठी अजरामर पुस्तकं लिहिली. झार गेल्यावर काही महिन्यांनी सॉमरसेट मॉम गुप्त कामगिरीवर आला आणि त्यातून हेरकथा घेऊन गेला.

मावसभावाने दार लावलं

झार आणि ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज सख्खे मावसभाऊ, चेहऱ्याने जवळजवळ जुळे. ब्रिटनने मार्चमध्ये झारला आसरा देऊ केला. एप्रिलमध्ये राजा जॉर्जच्याच आग्रहाने तो बारगळला. आपल्या देशातली जनता बिथरेल ही भीती. जुलै १९१८ मध्ये झारच्या कुटुंबाला गोळ्या घातल्या गेल्या.

होअरचं पुढे काय झालं?

तो इटलीला गेला. तिथे मित्रराष्ट्रांच्या बाजूने लिहावं म्हणून एका पत्रकाराला आठवड्याला शंभर पौंड दिले जात. पत्रकाराचं नाव बेनितो मुसोलिनी. मग १९३१ मध्ये होअर भारतमंत्री झाला. ११ मार्च १९३२ रोजी येरवडा तुरुंगातून गांधीजींनी पत्र लिहिलं ते त्यालाच: दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिलेत तर मी प्राणांतिक उपोषण करीन. सप्टेंबरात ते उपोषण झालं आणि डॉ. आंबेडकरांबरोबर पुणे करार झाला. १९३५ चा भारत सरकार कायदा ब्रिटिश संसदेत होअरनेच पुढे रेटला, आणि त्याच कायद्याखाली १९३७ मध्ये बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले.