‘रिकामी’ जमीन कुणाची?

टीव्हीवर काऊबॉयचा सिनेमा लागला की आमच्या कोलशेतची पोरे जागची हलत नाहीत. घोडेस्वार येतो, ओसाड माळावर घर बांधतो, आडव्या येणाऱ्या ‘रेड इंडियनां’ना गोळ्या घालतो. शूर कोण आणि रानटी कोण, हे पोरांच्या मनात तिथेच ठरून जाते. म्हणून खरा इतिहास घरातच सांगावा, असे आम्हांस वाटते.

तो माळ ओसाड नव्हता. तिथे शेकडो जमाती शेती-शिकार करून राहत होत्या. १८३० साली अमेरिकन सरकारने कायदा करून पूर्वेकडील जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हुसकावले. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना बंदुकीच्या धाकाने नेण्यात आले. थंडी, भूक आणि रोगराईने सुमारे चार हजार माणसे दगावली. पुढे १८६२ च्या कायद्याने पश्चिमेकडे जाणाऱ्यांना १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली. ती फुकट नव्हती. तिची किंमत दुसऱ्यांनी आधीच मोजली होती.

जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केले. चांगल्याला चांगले म्हणावे, पण लुटीला लूटच म्हणावे.

आपल्याकडे वेगळे काय घडले? तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-उंबरगाव भागात, वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांनी कर्जापायी गिळल्या. जमीन कसणारा वेठबिगार झाला. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारल्यांनी ती वेठ झुगारली. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी भूमिहीनांसाठी पडीक जमीन मागितली. तिकडे गोऱ्यांना १६० एकर, इकडे आपल्याला तुरुंग!

कोलशेतच्या नावातच शेत आहे. खाडीकाठच्या या गावात कारखाने आले, आता टॉवर उभे आहेत. टॉवरच्या जाहिरातीत हिरवळ दिसते, जुने गाव दिसत नाही. उद्या आपली पोरेही म्हणतील, इथे आधी काहीच नव्हते.

तसे होऊ देऊ नका. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जुन्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा धरला जातो. म्हाताऱ्यांच्या आठवणीला एवढे मोल आहे. तेव्हा आजी-आजोबांना जवळ बसवा. आपण कुठून आलो, कुणाची जमीन कसली, ती कशी गेली, हे विचारा आणि वहीत तारीख घालून लिहा. सिनेमा संपला की पोरांना ती वही वाचून दाखवा.