मुका कीबोर्ड निवडतांना

मिरजेची ख्याति सतारी व तंबोरे यांच्यामुळें दूरवर पसरली आहे. एकोणिसाव्या शतकांत येथील शिकलगारांनीं शस्त्रांचें काम मागें टाकून तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. अशा गांवांत एखादा विद्यार्थी घरीं येऊन म्हणूं लागला कीं, "बाबा, मला संगणकावर संगीत तयार करावयाचें आहे, मिडी कीबोर्ड घ्या," तर घरच्या मंडळींनीं काय करावें? आजोबा म्हणतात, घरांत पेटी आहे, तीच वाजव. दुकानदार एकासारखे एक दहा नग पुढें मांडतो. पैसे तर कष्टाचे असतात. म्हणून या वस्तूविषयीं जरा विस्तारानें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, हा कीबोर्ड मुका असतो. पेटींत पितळी सूर असतात, सतारींत तारा असतात. याच्या पोटांत तसें कांहींच नाहीं. पट्टी दाबली असतां ध्वनि निघत नाहीं, निघतो तो केवळ एक निरोप: अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, अमुक जोरानें दाबली, आणि मागाहून, ती सोडली. हा निरोप तारेंतून संगणकाकडे जातो व तेथील सॉफ्टवेअर सूर उत्पन्न करतें. या निरोपांच्या भाषेस मिडी म्हणतात. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानें १९८३ सालीं ती प्रचारांत आली, आणि त्या कामगिरीबद्दल २०१३ सालीं दोघांनाही तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यांत आला. मुंबईचे चरणजित सिंग यांनीं सिंथेसायझरवर दहा राग वाजवून आपली तबकडी काढली ती १९८२ सालीं, म्हणजे या भाषेच्या जन्माच्या आदल्याच वर्षीं! या भाषेंत सुरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत, आणि पट्टीवरील आघाताचा जोर १ ते १२७ या अंकांनीं सांगितला जातो.

एवढें समजलें म्हणजे एक मोठा भ्रम दूर होतो. महाग मुक्या कीबोर्डाचा आवाज गोड व स्वस्ताचा कर्कश, असें कधींच नसतें. आवाज असतो तो सॉफ्टवेअरचा. ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड फुकट मिळतें, इतरांसाठीं एल. एम. एम. एस. हेंही विनामूल्य आहे. उलट ज्या घरांत संगणकच नाहीं, तेथें मुका कीबोर्ड नेऊन ठेवणें म्हणजे दौत नसतांना टांक घेण्यासारखें आहे. अशा घरानें स्वतःचा आवाज व कर्णा असलेला साधा कीबोर्ड घ्यावा. मात्र त्यास यू. एस. बी. तारेची जागा आहे व त्यांतून मिडीचे निरोप जातात, एवढें पाहून घ्यावें. पुढें संगणक आला म्हणजे तोच त्याला जोडतां येतो.

आतां पट्ट्यांची संख्या. बाजारांत २५, ३७, ४९, ६१ आणि ८८ पट्ट्यांचे कीबोर्ड सामान्यतः आढळतात. २५ पट्ट्या म्हणजे दोन सप्तकें व वर एक सूर. तालाचे तुकडे बसविण्यास तेवढ्या पुरतात. परंतु मंद्रांतून तारांत जाणारी चीज वाजवितांना सप्तक बदलण्याचें बटण वारंवार दाबावें लागतें आणि सुरांचा धागा तुटतो. पेटीवर बसणाऱ्या मुलास ४९ पट्ट्या, म्हणजे चार सप्तकें, पुरेशीं आहेत. दोन्ही हातांनीं स्तोत्रें किंवा पाश्चात्त्य गतें वाजविणाऱ्यानें ६१ हून कमी घेऊं नये. आणि पियानोच्या परीक्षेस बसावयाचें असेल तर ८८ वजनदार पट्ट्यांवांचून गत्यंतर नाहीं. संख्येपेक्षांही पट्टीच्या रुंदीकडे आम्ही अधिक लक्ष देऊं. पूर्ण मापाच्या पट्ट्यांत एक सप्तक सुमारें साडेसोळा सेंटिमीटर जागा व्यापतें. लहान मापाचे कीबोर्ड पिशवींत मावतात हें खरें, परंतु बोटांना तें माप जडलें कीं वर्गांतील पेटीवर तींच बोटें चुकूं लागतात.

पेटी शिकलेल्या विद्यार्थ्यास येथें एक विलक्षण अडचण येते. पेटीचा आवाज लहानमोठा होतो तो भात्यानें. पट्टी हळू दाबली काय किंवा जोरानें दाबली काय, सारखेंच. या कीबोर्डांत आघात मोजला जात असल्यामुळें त्याच मुलाचा एक सूर ओरडतो व दुसरा ऐकूंच येत नाहीं. मूल अडाणी आहे असें समजून पालकांनीं रागावूं नये. बहुतेक कीबोर्डांत किंवा सॉफ्टवेअरमध्यें आघाताचा परिणाम कमीजास्त करण्याची सोय असते. प्रथम तो स्थिर ठेवावा व हळूहळू मोकळा करावा. आणि भात्याचें काय? कीबोर्डाच्या डाव्या बाजूस दोन चाकें असतात. त्यांतील एक चाक आवाजाच्या चढउताराच्या ११ क्रमांकाच्या निरोपास जोडून दिलें, म्हणजे डाव्या हातास आपला भाता परत मिळतो. ही चाकें नसलेला कीबोर्ड कितीही स्वस्त मिळाला तरी आपल्याकडील गाणाऱ्या मुलास तो देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या चाकाचें काम तर याहून मोलाचें आहे. पेटीवर मींड निघत नाहीं, आणि तिचे बारा सूर गळ्याच्या सुरांशीं तंतोतंत जुळत नाहींत, ही तक्रार फार जुनी आहे. याच कारणांस्तव १९४० सालीं आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली आणि ती पुढें सुमारें तीन दशकें टिकली. आमच्या भागांत तर हा प्रश्न त्याहीपूर्वीं हातीं घेण्यांत आला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें, आय. सी. एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साहाय्यानें श्रुतींची पेटी तयार करविली. आणि या प्रयोगांना गळ्याची साथ मिळाली ती खांसाहेब अब्दुल करीम खां यांची. खांसाहेब पुढें मिरजेस स्थायिक झाले, आणि १९३७ सालीं त्यांचें निधन झाल्यावर येथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांतच त्यांचें दफन झालें. ती पेटी १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत मांडण्यांत आली होती. तथापि तिचा सार्वत्रिक प्रसार झाला नाहीं. श्रुति वाढल्या तरी पट्टी ती पट्टीच; एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणें तिला कोठून साधणार?

हा भेद घरच्या घरीं ऐकतां येतो. सप्तकाचे १२०० समान भाग कल्पिले तर कीबोर्डाचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० भागांवर असतो. चांगली जवारी लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो, तो सुमारें ३८६ भागांवर असतो. तंबोरा छेडीत कीबोर्डाचा गंधार दाबून धरावा. दोघांची झटापट ज्याच्या कानास जाणवेल त्याला पुढील सर्व गोष्टी सहज कळतील. अनेक सॉफ्टवेअरमध्यें प्रत्येक सूर हवा तितका उतरवितां किंवा चढवितां येतो. ही सोय सॉफ्टवेअरची असल्यामुळें तिच्यासाठीं कीबोर्डाला अधिक पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

मींडेचें चाक मात्र कीबोर्डावरच असावें लागतें. तें पुढेंमागें केलें असतां सूर चढतो व उतरतो, आणि सोडतांच चाक मध्यावर परत येतें. त्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत १६,३८४ पायऱ्या मिडीच्या भाषेंत सांगतां येतात. इतक्या सूक्ष्म पायऱ्यांपुढें बावीस श्रुतींची काय कथा! प्रथम हें चाक बहुधा दोनच अर्धस्वर वर व दोनच खालीं जातें. लांब मींडेसाठीं ही मर्यादा सॉफ्टवेअरमध्यें वाढवावी. एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. चाकानें एका वाहिनींतील सर्वच सूर एकदम वाकतात. तंबोऱ्याचा षड्ज त्याच वाहिनींत चालू असेल तर गायकाच्या मींडेबरोबर तोही घसरत जाईल. मिडींत अशा १६ वाहिन्या आहेत. तंबोऱ्यास वेगळी द्यावी. प्रत्येक बोटाखालचा सूर निराळा वाकवितां यावा यासाठीं २०१८ सालीं एम. पी. ई. नांवाची पद्धति मान्य झाली. तीस अनुसरून केलेले कीबोर्ड उत्तम, पण महाग असतात. नवशिक्याला ते घेऊन देण्याची घाई आम्ही करणार नाहीं.

सूर बदलण्याच्या बटणाविषयीं दोन शब्द. गायकाचा षड्ज काळी एक असो कीं पांढरी चार, हें बटण दाबून सर्व कांहीं एकाच पट्टीवरून वाजवितां येतें. सोय मोठी, पण शिकण्याच्या काळांत तिचा आधार जितका कमी घ्यावा तितका बरा. समारंभांत ऐन वेळीं गाणारी बदलली, म्हणजे बटण आहेच.

पुष्कळदां तक्रार येते कीं, पट्टी दाबल्यावर सूर उशिरानें ऐकूं येतो, सबब कीबोर्ड नादुरुस्त आहे. वस्तुतः मिडीच्या जुन्या तारेंतूनही एक निरोप सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागांत पोंचतो. उशीर होतो तो संगणकांत सूर तयार होतांना, आणि त्याहूनही अधिक बिनतारी ब्लूटूथ हेडफोनांत. सेकंदाचा शंभरावा भाग सहज खपतो, कारण तेवढ्या वेळांत ध्वनि हवेंतून सुमारें साडेतीन मीटर जातो, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोंकाशीं बसलेला साथीदार ऐकूं येण्याइतकाच तो काळ आहे. याच्या अनेक पट उशीर झाला कीं सम हुकते. म्हणून कीबोर्डावर कांहीं पैसे वांचवून तारेचे बरे हेडफोन घ्यावेत; विंडोज असलेल्या संगणकावर असिओ नांवाचा चालक घालावा.

चौकोनी रबरी पॅड, फिरविण्याच्या गुंड्या, रंगीत दिवे यांची संख्या पाहून मुलें हरखतात. तबल्याचे अथवा ढोलकीचे बोल बोटांनीं भरावयाचे असतील तर पॅड उपयोगी आहेत. इतर गोष्टी माउसनेंही भागतात.

दुकानांत आपलाच संगणक नेतां आला तर फार उत्तम. प्रत्येक पट्टी एकदा अगदीं हळू व एकदा जोरानें दाबून पाहावी. पांचसहा पट्ट्या एकदम धरून पाहाव्या. मींडेचें चाक सोडल्यावर सूर बरोबर मूळ ठिकाणीं येतो कीं नाहीं हें ऐकावें. जुना नग घेणाऱ्यानें तर एकही पट्टी वगळूं नये, कारण धुळीनें प्रथम बिघडतात ते पट्टीखालचे स्पर्शबिंदूच, आणि आपल्याकडील उन्हाळ्यांत धुळीला तोटा नसतो. सूर लांबविण्याचें पायपेडल आज न घेतलें तरी चालेल, तें मागाहून मिळतें. मात्र तें जोडण्याची जागा कीबोर्डाच्या मागील बाजूस आहे ना, हें आधींच पाहून घ्यावें. ती नंतर पाडून घेतां येत नाहीं.