मोकळ्या माणसाची विद्या

दहावीचा निकाल लागला, की घराघरांतून एक प्रश्न ऐकू येतो : "कला शाखेला जाऊन पोट भरणार आहे काय?" कामगार चळवळीत हाच प्रश्न निराळ्या शब्दांत येतो. कामगाराला कायदा आणि हिशेब आला म्हणजे पुरे. इतिहास, तर्कशास्त्र, साहित्य त्याला हवे कशाला? एके काळी आम्हीही असेच म्हणत असू. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे उपयोगाचे तेवढेच घ्यावे, ही सवय अंगी मुरली होती. ती सवय चुकीची होती, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ज्यांना 'लिबरल आर्ट्स' म्हणतात, त्यातला 'लिबरल' हा शब्द लॅटिनमधून आला असून 'स्वतंत्र माणसाला साजेसा' असा त्याचा मूळ अर्थ आहे. प्राचीन रोमन समाजात गुलामाने हात चालवावेत आणि स्वतंत्र माणसाने सभेत बोलावे, न्यायनिवाडा करावा, अशी वाटणी होती. त्या दुसऱ्या कामासाठी लागणाऱ्या त्या मोकळ्या माणसाच्या विद्या. मध्ययुगीन युरोपात त्यांची संख्या ७ ठरली : व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, ज्योतिष आणि संगीत. आज कायद्याने कोणी गुलाम नाही आणि प्रत्येक प्रौढाला मताचा अधिकार आहे. मग विद्यांची वाटणी तेवढी जुनीच का ठेवावी? हात चालवणारालाच आज सभेतही बसावयाचे आहे.

या विद्यांपैकी व्याकरण सर्वांत कोरडे, असे पुष्कळांना वाटते. त्याची किंमत आम्हाला एका प्रसंगाने कळली. एका कारखान्यात (त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही) एका कामगाराची चौकशी चालू होती. यंत्र बंद झाले होते. कामगार म्हणाला, "यंत्र बंद पडले." लिहून घेणाऱ्याने लिहिले, "यंत्र बंद पाडले." फरक एका कान्याचा. पण 'पडले' म्हटले की यंत्राचा दोष. 'पाडले' म्हटले की कोणा माणसाचे कृत्य. तो जबाब आम्ही घाईघाईने चाळला आणि आम्हीच त्याला सही कर म्हणून सांगितले. नोकरी गेल्यावर तो इतकेच म्हणाला, "भाऊ, मी पडले म्हणालो होतो." ती नोकरी परत मिळवण्यास तीन वर्षे लागली. लिहिणाऱ्याने मुद्दाम केले की चुकून, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्ही लक्ष देऊन वाचले नाही, एवढे मात्र खरे. कायद्याची कलमे आम्हाला पाठ होती. कमी पडले ते शाळेतले व्याकरण.

तर्काचेही तसेच आहे. "गेल्या वर्षी बोनस वाढवला आणि उत्पादन घटले, तेव्हा बोनसमुळेच माणसे आळशी होतात," असे कोणी म्हणाले, तर एकामागून दुसरे घडले एवढ्यावरून पहिले हे दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हे ओळखता आले पाहिजे. कच्चा माल उशिरा आला असेल, वीज गेली असेल. पण तर्क ही दुधारी वस्तू आहे. "जो आमच्या ठरावाला विरोध करतो तो मालकाचा माणूस," हे आमच्याच सभांतले आवडते वाक्यही तितकेच सदोष आहे. जी विद्या फक्त समोरच्याची चूक दाखवते, ती अर्धीच शिकलेली.

आता इतिहास. रविवारची सुटी पंचांगात छापलेली असते, म्हणून ती सूर्योदयासारखी आपोआप येते असे वाटते. परंतु नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, आणि त्यांत आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या लेखी मांडल्या गेल्या. सुटी मिळाली १८९० साली. त्या वर्षीच्या एप्रिलमधील मोठ्या सभेत स्त्री कामगारही बोलल्या होत्या. लोखंडे हे 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. म्हणजे ही लढाई जितकी संख्याबळाची, तितकीच लेखणीची होती. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मिळालेली गोष्ट जाऊही शकते, हेही ठाऊक असते.

साहित्याचा उपयोग सांगणे सर्वांत अवघड. आमच्या संध्याकाळच्या वर्गात अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) वाचली जात होती. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणे ही चोरी की नव्हे, यावर वाद पेटला. वर्गात एक पहारेकरी होता. तो म्हणाला, "त्या कोठाराच्या दारावर मी उभा असतो, तर?" सगळे गप्प झाले. त्या रात्री कोणाचे मत पालटले नाही. पण दाराच्या दोन्ही बाजूंना माणूस असतो, हे सर्वांना दिसले. घरात, चाळीत, कामावर रोजचे जे तंटे होतात, ते मिटवण्यास याहून मोठी शिदोरी आम्हाला माहीत नाही.

हे शिक्षण कामगारांना झेपेल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी इंग्लंडचे उदाहरण पाहावे. तेथे १९०३ साली कामगारांच्या शिक्षणासाठी एक संस्था निघाली. तिच्या वतीने आर. एच. टॉनी या तरुण अध्यापकाने १९०८ पासून रॉचडेल आणि लाँगटन या कामकरी गावांत आर्थिक इतिहासाचे वर्ग घेतले. एक तास व्याख्यान, एक तास चर्चा, आणि विद्यार्थ्यांनी नियमाने निबंध लिहावयाचे, अशी शिस्त होती. पुढे १९१२ साली टॉनींनी सोळाव्या शतकातील शेतजमिनीच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तेव्हा विणकर, कुंभार, खाणकामगार यांच्याशी झालेल्या वादांतून पुस्तकांत न मिळणारे आपण शिकलो, अशी कबुली प्रस्तावनेत दिली. शिकवणाराही शिकला, यातच त्या पद्धतीचे मर्म आहे.

या विद्येने नोकरी मिळतेच असे नाही. फिटरचे किंवा वेल्डरचे काम शिकलेल्या मुलाला आम्ही कमी लेखत नाही. पदवीधर मनुष्य सज्जन असतोच, असेही नाही. पण हाताला काम मिळवून देणारी विद्या आणि त्या कामाच्या अटी समजून घेणारी विद्या, या दोहोंपैकी एकच निवडा, असे गरिबाच्या मुलाला सांगणे अन्यायाचे आहे.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रातील शहाण्या माणसांना वसंतात ऐकण्याची सवय लागली आहे. त्या ऐकण्याला आता बोलण्याची आणि लिहिण्याची जोड हवी. व्याख्यानमाला संपल्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयाची एक खोली उघडी राहावी. तेथे शिक्षक, दुकानदार, गृहिणी, कामगार यांनी एक पुस्तक मिळून वाचावे आणि त्यावर प्रत्येकाने एक पान लिहावे. खर्च चहाचा. आम्ही पहिल्या संध्याकाळी येऊ, आणि 'पडले' व 'पाडले' यांतील फरकापासून सुरुवात करू.