गिटारवादकाच्या पायाखालचे आकडे

मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एका ठोक्याला अर्धा सेकंद मिळतो. अंतरा संपून मुखडा येतो तेव्हा इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला बहुधा तेवढ्याच अवधीत आपल्या आवाजाचा सगळा पोत बदलायचा असतो. कोरस बंद, डिस्टॉर्शन चालू, डिले थोडा कमी, एकूण पातळी जराशी वर. चार सुटी पेडल्स जमिनीवर ओळीने मांडलेली असतील तर चार वेळा पाय उचलावा लागतो, आणि हात मदतीला येऊ शकत नाहीत. डावा पुढच्या कॉर्डकडे निघालेला असतो, उजवा तालात अडकलेला असतो. संगीत नाटकाच्या साथीतल्या पायपेटीने भात्याचे काम पायांकडे सोपवून वादकाचे दोन्ही हात पट्ट्यांसाठी मोकळे केले. गिटारवादकाचीही गरज तीच आहे, फक्त त्याच्या पायाने पोचवायचा असतो तो निर्णय.

हा निर्णय एका दाबात पोचवण्याचे साधन म्हणजे मिडी फूट कंट्रोलर. इफेक्ट्स प्रोसेसरला जोडायची बटणांची पट्टी, एवढेच त्याचे बाह्यरूप. ती विकत घेणारे पुष्कळ आहेत, पण पुरती वापरणारे थोडे. प्रीसेट, म्हणजे आधी जतन करून ठेवलेली इफेक्ट्सची मांडणी, पुढे-मागे करण्यापलीकडे तिचा उपयोग होतच नाही, असे अनेकदा दिसते. याचे कारण मला तरी एकच वाटते: पट्टीत बटणे किती यावर बोलणे होते, प्रत्येक बटण नेमके काय म्हणते यावर होत नाही.

मिडी केबलमधून आवाज जात नाही, ही समजुतीची पहिली पायरी. गिटारचा आवाज आपल्या केबलने प्रोसेसरमध्ये जातो आणि तिथून अँप किंवा मिक्सरकडे निघतो. मिडीच्या केबलमधून जातात ते फक्त आकडे. ‘सातवा प्रीसेट उघड’, ‘६९ क्रमांकाच्या कंट्रोलची किंमत २ कर’, अशा धाटणीच्या त्या सूचना असतात. त्यांचा अर्थ लावणे ही सर्वस्वी प्रोसेसरची जबाबदारी. कंट्रोलरला डिले म्हणजे काय हे ठाऊक नसते, ठाऊक असण्याची गरजही नसते.

ही व्यवस्था गिटारसाठी जन्मलेली नव्हती. १९८०च्या सुमारास प्रत्येक कंपनीचा सिंथेसायझर स्वतःपुरती वेगळी भाषा बोलत असे. अमेरिकेत सीक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमध्ये रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी सगळ्यांसाठी एक समान भाषा हवी असा आग्रह धरला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या नॅम या व्यापारी प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट ६०० आणि रोलंडचा ज्युपिटर ६ एका केबलने जोडून दाखवले गेले. एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलले. त्याच वर्षी मिडीचे नियम प्रसिद्ध झाले. ते वापरण्यासाठी कुणी परवाना-शुल्क मागितले नाही, म्हणूनच ते सगळीकडे रुजले. २०१३ मध्ये या दोघांना तांत्रिक कामगिरीसाठीचा ग्रॅमी मिळाला. आपल्या वाद्यवृंदांत ऑक्टोपॅड सर्वांच्या परिचयाचा आहे. १९८५चा रोलंडचा मूळ ऑक्टोपॅड, पॅड ८, स्वतः आवाजच काढत नसे. काठी पडली की तो मिडीचा संदेश पाठवी आणि वाजे ते पलीकडचे यंत्र. फूट कंट्रोलरचे काम याच जातीचे आहे.

गिटारवाल्यांनी मिडी पायाखाली घेतली तीही त्याच दशकात. लेक्सिकन पीसीएम ७० किंवा टीसी इलेक्ट्रॉनिक २२९० यांसारखी स्टुडिओतली यंत्रे कपाटाएवढ्या रॅकमध्ये बसवून वादक मंचावर नेऊ लागले. लॉस एंजेलिसच्या बॉब ब्रॅडशॉ यांनी स्टीव्ह लुकाथरसारख्या वादकांसाठी ज्या यंत्रणा बांधल्या, त्यांत पेडल्स आणि प्रोसेसर मागे रॅकमध्ये राहत, वादकापुढे उरत ती फक्त बटणे. आजचा प्रोसेसर हातात मावतो, तरी कल्पना तीच आहे.

आता आकड्यांकडे. मिडीच्या केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका ठरलेला आहे. आजच्या मानाने तो फारच कमी वाटेल. पण प्रीसेट बदलण्याचा संदेश, म्हणजे प्रोग्रॅम चेंज, अवघ्या दोन बाइटचा असतो आणि कंट्रोलची किंमत बदलणारा कंट्रोल चेंज तीन बाइटचा. एका बाइटला मागचा-पुढचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे कंट्रोल चेंज पोचायला एक मिलिसेकंदही लागत नाही. एवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम फूटभर पुढे सरकतो. स्पीकरपासून तीन मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला त्याचा स्वतःचा सूर सुमारे नऊ मिलिसेकंदांनी ऐकू येतो, आणि त्याची त्याला कधी अडचण वाटत नाही. तेव्हा ‘मिडीमुळे उशीर होतो’ ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या दारात नेली जाते. उशीर होतो तो प्रोसेसरच्या पोटात, नवा प्रीसेट उलगडताना.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. लाइन ६ कंपनीचा २०१८ मध्ये आलेला एचएक्स स्टॉम्प हा छोटा प्रोसेसर आहे. त्यात अँप आणि इफेक्ट्सचा मोठा साठा आहे, पण पायासाठी बटणे फक्त तीन. गाणे चालू असताना प्रीसेट, स्नॅपशॉट (एकाच प्रीसेटमधल्या वेगवेगळ्या स्थिती), ट्यूनर आणि टॅप टेम्पो एवढे सगळे तीन बटणांत कोंबायचे म्हटले की पाय गोंधळतो. म्हणूनच अशा यंत्राला बाहेरून कंट्रोलर जोडणे खऱ्या अर्थाने उपयोगाचे ठरते. या प्रोसेसरने काही कंट्रोल क्रमांक आधीच वाटून ठेवले आहेत: ६४ म्हणजे टॅप टेम्पो, ६८ म्हणजे ट्यूनर, ६९ म्हणजे स्नॅपशॉट. ६९ला ० पाठवले की पहिला स्नॅपशॉट, १ पाठवले की दुसरा, २ला तिसरा. मोजणी शून्यापासून आहे हे लक्षात ठेवायचे. मिडीत किमती ० ते १२७ अशा १२८ असतात, पण काही यंत्रांच्या पडद्यावर प्रीसेट १ ते १२८ असे दिसतात. पाचवे बटण दाबल्यावर सहावा आवाज लागला तर बिघाड शोधत बसू नये. दोन यंत्रांची मोजणी एकाने सरकलेली असते.

याच्याच जोडीचा दुसरा घोटाळा चॅनेलचा. एका केबलवर १६ चॅनेल असतात. प्रोसेसर पहिल्या चॅनेलवर ऐकत असेल आणि कंट्रोलर दुसऱ्यावर बोलत असेल तर काहीच घडत नाही, आणि माणूस केबलवर संशय घेतो. प्रोसेसरच्या जोडीला मिडीचे वेगळे डिले पेडल असेल तर दोघांना स्वतंत्र चॅनेल द्यावे. मग एकाच बटणावर प्रोसेसरसाठी एक आणि डिलेसाठी दुसरा असे दोन संदेश ठेवता येतात. बेहरिंगरच्या एफसीबी १०१० या जुन्या, दणकट पट्टीला एका प्रीसेटमधून पाच प्रोग्रॅम चेंज पाठवता येतात, म्हणजे एका दाबात पाच यंत्रे हलतात. १० बटणे, १० बँका, दोन एक्स्प्रेशन पेडल्स असा तिचा पसारा. तिची मांडणी मात्र बहुतांशी पायाच्या बटणांनीच करावी लागते आणि त्यात दमछाक होते. सिंगापूरच्या मॉर्निंगस्टारसारख्या नव्या कंपन्यांची यंत्रे संगणकावरून भरता येतात. बटणाखाली नावही दिसते, आणि अंधाऱ्या मंचावर या नावाची किंमत फार मोठी आहे.

आता मूळ प्रश्न. मुखड्यासाठी एक प्रीसेट आणि अंतऱ्यासाठी दुसरा, असे केले तर काय होते? प्रोसेसर जुनी साखळी मोडतो, नवी उभारतो, आणि मधल्या क्षणी आवाज तुटतो. अंतऱ्याच्या शेवटच्या सुराचा डिले हवेत विरत असताना एकदम कापला जातो. हेडफोनवर सराव करताना हे फारसे खटकत नाही. बँड वाजत असताना तिथे भोक पडते. यावर उपाय म्हणून स्नॅपशॉट आले. फ्रॅक्टल ऑडिओच्या यंत्रांत त्यांना सीन म्हणतात. साखळी तीच राहते. फक्त कोणते इफेक्ट चालू, कोणते बंद आणि कोणत्या घुंडीची किंमत किती, एवढेच एका क्षणात बदलते. त्यामुळे डिलेची शेपटी शाबूत राहते.

माझे ठाम मत असे की गाण्याच्या आत प्रीसेट बदलूच नये. पुढे जाऊन मी म्हणेन, वाद्यवृंदात रात्रभर वेगवेगळ्या काळातली गाणी वाजवणाऱ्यालाही प्रत्येक गाण्याला वेगळा प्रीसेट लागत नाही. त्याला भूमिका लागतात. स्वच्छ साथ, थोडा खरखरीत ताल, जाड डिस्टॉर्शन, सोलोसाठी वर उचललेला आवाज. या चार भूमिका चार बटणांवर कायमच्या ठेवाव्यात. सोलो आज तिसऱ्या बटणावर आणि उद्या पहिल्यावर असे झाले की पायाला सवय लागत नाही, आणि वादक खाली बघत राहतो. प्रीसेट बदलला तरी चौथे बटण म्हणजे सोलोच. शंभर आवाजांची यादी गोळा करण्यात जो वेळ जातो, तो या चार आवाजांची पातळी एकमेकांशी जुळवण्यात घालवावा. तीही बँड वाजत असताना जुळवावी, कारण घरी एकटा ऐकताना भरदार वाटणारा आवाज ड्रमच्या गदारोळात कुठे जातो ते कळत नाही.

चालू-बंद करण्याच्या बटणांत एक सूक्ष्म अडचण असते. बहुतेक प्रोसेसर ० ते ६३ ही किंमत ‘बंद’ आणि ६४ ते १२७ ही ‘चालू’ समजतात. कंट्रोलर एकदा १२७ पाठवतो, पुढच्या दाबाला ०. पण मध्येच तुम्ही स्नॅपशॉट बदललात आणि त्या स्नॅपशॉटने कोरस आपणहून बंद केला, तर कंट्रोलरला त्याचा पत्ता नसतो. त्याचा दिवा अजून जळत असतो, पुढच्या दाबाला तो ० पाठवतो, म्हणजे बंदच असलेला कोरस पुन्हा बंद. वादकाला दोनदा दाबावे लागते आणि ठोका निघून जातो. यावर उपाय म्हणजे महत्त्वाचे बदल उलट-सुलट करणाऱ्या बटणावर न ठेवता ठरावीक किमतीच्या बटणावर ठेवणे. ‘स्नॅपशॉट तीन’ असे सांगणारे बटण कितीही वेळा दाबले तरी तिसरा स्नॅपशॉटच लागतो.

एक्स्प्रेशन पेडलवरही थोडे थांबायला हवे, कारण तिथे पाय वाजवतो. टाच खाली म्हणजे ०, पंजा खाली म्हणजे १२७, आणि मधले सगळे अंश. त्याने वाह चालवा, आवाज फुगवा, डिलेचे प्रमाण वाढवा. पण शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंतचा पल्ला आंधळेपणाने देऊ नये. आवाजाच्या पेडलची खालची मर्यादा साठ-पासष्ट टक्क्यांवर ठेवली की टाच टेकली तरी गिटार नाहीशी होत नाही, फक्त गायकाच्या मागे जाऊन उभी राहते. पल्ला लहान केला की प्रत्येक अंशाला पाय अधिक बारकाईने बोलतो. पेडल नवे असो की जुने, पहिल्यांदा त्याची दोन्ही टोके यंत्राला ओळखून द्यावी लागतात, नाहीतर पंजा पूर्ण दाबूनही १२० वरच अडकायला होते.

टॅप टेम्पो हे बटण पट्टीवर असलेच पाहिजे. पाऊण ठोक्याचा डिले हा रॉक आणि चित्रपटसंगीतात नेहमीचा. मिनिटाला १२० ठोक्यांना ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे डिले ३७५. गाणे जिवंत वाजते तेव्हा लय किंचित सरकतेच, आणि डिले जुन्या लयीवर राहिला तर ताल चिखलात फसल्यासारखा होतो. गाण्याच्या सुरुवातीला ड्रमवाल्याच्या मोजणीबरोबर चार ठोके पायाने दिले की हा प्रश्न सुटतो. क्लिकवर वाजणारा बँड असेल तर संगणकाकडून मिडी क्लॉक घेता येतो. त्यात एका ठोक्याला २४ टिकटिकी येतात आणि डिले आपोआप लयीत राहतो.

खरेदीआधी जोडणीचा विचार करावा. पाच पिनांची गोल जोडणी अजूनही सर्वात भरवशाची. तिच्या आत प्रकाशावर चालणारा दुवा असतो. दोन यंत्रांत विजेचा थेट संबंध येत नाही, त्यामुळे त्या वाटेने गुणगुण शिरत नाही. मिडीच्या नियमांप्रमाणे केबल १५ मीटरपर्यंत लांब चालते, म्हणजे मंचाला पुरून उरते. छोट्या यंत्रांत गोल जोडणीऐवजी हेडफोनसारखा जॅक येतो. त्याचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार आहेत आणि त्यांच्या तारा उलट जोडलेल्या असतात. चुकीचा अडॅप्टर लावला तर यंत्र मुके राहते. ज्या कंट्रोलरला फक्त यूएसबी आहे तो संगणकाला सहज जोडला जातो, पण त्याची यूएसबी केबल थेट प्रोसेसरमध्ये खुपसून बहुधा काही होत नाही. दोन्ही यंत्रे कुणीतरी यजमान असावे याची वाट पाहत बसतात, आणि मध्ये यूएसबी होस्टचा वेगळा डबा लागतो.

सगळे जुळल्यावर तालमीत एका गोष्टीकडे लक्ष द्यावे: पाय नेमका केव्हा पडतो. समेवर दाबायचे ठरवले तर वजन दुसऱ्या पायावर टाकण्यातच ठोका जातो आणि मुखड्याचा पहिला स्ट्रोक जुन्या आवाजात निघतो. अंतऱ्याच्या शेवटच्या मात्रेच्या उत्तरार्धात, शेवटचा सूर मिटवत असताना दाबायची सवय करावी. त्यासाठी आधी गिटार न घेता, रेकॉर्डिंग लावून, नुसत्या पायाने गाणे म्हणून पाहावे. मग उभे राहून, पट्टा गळ्यात अडकवून. बसून केलेला सराव मंचावर उपयोगी पडत नाही, कारण उभे असताना एका पायावर तोल सांभाळून वाजवणे ही वेगळीच क्रिया आहे. सर्वात जास्त लागणारी दोन बटणे दाबणाऱ्या पायाच्या बाजूला, कडेला ठेवावीत. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रोसेसर व कंट्रोलर या दोघांच्याही मांडणीची प्रत संगणकावर उतरवून घ्यावी, कारण एकाचेच जतन केले तर दुसऱ्याचे आकडे निरर्थक होतात.