लेथ घडवावी की विकत घ्यावी?

आपल्या नियतकालिकांतून जमिनीवर, राखीव जागांवर, नामांतरावर, साहित्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. यंत्रावर मात्र आपण फारसे लिहीत नाही. यंत्र म्हटले की ते एक तर भांडवलदाराचे, नाही तर इंजिनिअरचे, अशी आपली समजूत. मी स्वतः महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. तरी लेथ ह्या यंत्राशी माझा संबंध पुस्तकातल्या आकृतीपुरताच होता. प्रत्यक्ष संबंध आला तो माझ्या भाच्यामुळे.

भाचा आयटीआयमधून टर्नर झाला. सरकारी मराठीत ह्या धंद्याला 'कातारी' असे नाव आहे. प्रमाणपत्राबाहेर तो शब्द मी कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही. चार वर्षे त्याने दुसऱ्याच्या वर्कशॉपात काम केले आणि मग स्वतःची लेथ हवी म्हणून घरी येऊन बसला. बहिणीचे गाव केळापूर तालुक्यातले. भोवती जिनिंग-प्रेसिंग, ट्रॅक्टर, थ्रेशर, विहिरीवरचे पंप. झिजलेला शाफ्ट, तुटलेली पिन, घासलेला बुश घेऊन लोक पांढरकवड्याला जातात आणि दिवस मोडून परत येतात. कामाची वाण नव्हती. वाण होती ती पैशाची.

"मामा, विकत घ्यायले पैसे नाहीत. मंग मीच बनवतो नं," तो म्हणाला. बहीण कावलेली. "दादा, तूच सांग बाप्पा याले. घरात भंगार जमा करून राह्यला हा." मी मध्यस्थ म्हणून गेलो आणि त्यात गुंतलो.

ज्यांनी लेथ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात तिला आकार देतो. लेथमध्ये लोखंड फिरते आणि त्याच्या अंगाला टेकवलेले कठीण पोलादाचे टूल सरळ रेषेत सरकत त्याची साल काढते. लोखंडाला धरणारा तो चक, चकला फिरवणारा दांडा तो स्पिंडल, आणि टूल ज्याच्यावरून सरकते तो लांब पाया म्हणजे बेड. सगळ्या यंत्राचे मर्म एकाच गोष्टीत आहे. स्पिंडलचा अक्ष आणि बेडची रेषा एकमेकींना समांतर पाहिजेत. त्या केसभर जरी फाकल्या तरी कातलेला गोल दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. ह्यालाच टेपर म्हणतात.

अशी लेथ घरी बनवणारा भाचा काही पहिला नव्हे. अमेरिकेत डेव्हिड गिंगरी ह्या माणसाने १९८० च्या सुमारास पुस्तकांची एक मालिकाच काढली. कोळशाच्या भट्टीत भंगारातले ॲल्युमिनियम वितळवायचे, वाळूच्या साच्यात भाग ओतायचे आणि त्यांतून लेथ उभी करायची, अशी ती रीत. त्याही आधी पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांसाठी यंत्रे अपुरी पडली, तेव्हा येओमन्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने बेड चक्क सिमेंट काँक्रीटचे ओतले होते. म्हणजे कल्पना वेडगळ नाही.

भाच्याने बेडसाठी लोखंडी चॅनेल वेल्ड केले. स्पिंडलसाठी भंगारातल्या जीपचा हब घेतला. मोटर एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची. चक, बेअरिंगे आणि टूल विकत आणावे लागले. त्यांना पर्याय नव्हता. चार महिने गेले. ज्या दिवशी पहिली सळई कातली आणि लोखंडाची साल गुंडाळत खाली पडली त्या दिवशी वस्तीतली निम्मी पोरे दारात उभी होती. मलाही भरून आले, हे लपवत नाही.

मग एका जिनिंगवाल्याने शाफ्ट दिला. चाळीस मिलिमीटरचे बेअरिंग बसेल अशी जागा कातून द्यायची होती. काम झाले, पैसे मिळाले आणि आठ दिवसांनी शाफ्ट परत आला. बेअरिंग एका बाजूने ढिले झाले होते.

आम्ही बसून हिशेब मांडला. दोनशे मिलिमीटर लांबीची सळई कातली आणि दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजली. जाडीत फरक निघाला तो मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यांतले चाळीस भाग. डोळ्याला तो दिसतही नाही. पण त्या बेअरिंगची रुंदी अठरा मिलिमीटर. तेवढ्या अंतरात फरक पडतो साडेतीन भागांहून अधिक. आणि अशा जागेला सूट असते ती जेमतेम दीड-दोन भागांची. म्हणजे आमच्या लेथवर कितीही जीव ओतला तरी ते बेअरिंग धड बसणे शक्य नव्हते. पोराचा हात चुकला नव्हता. चूक बेडमध्ये होती.

बेडमध्ये का, हे समजून घेण्यासारखे आहे. वेल्डिंग करताना लोखंड तापते, निवताना आकसते आणि तो ताण आतच राहतो; पुढे चॅनेल हळूहळू पीळ खाते. त्यात जमीन मातीची. एक पाय खचला की सगळा बेड मुरडतो. आम्ही हेडस्टॉक खाली पत्र्याच्या पट्ट्या घालून सरळ केला, तर चार दिवसांनी रेषा पुन्हा फाकली. कारखान्यातला बेड बिडाचा असतो तो उगीच नाही. बिडात ग्रॅफाइट असते, ते थरथर पिऊन टाकते. चांगले कारखानदार पूर्वी ओतलेले बीड महिनोन्महिने उघड्यावर पडू देत, म्हणजे त्याच्यातला ताण आपोआप उतरे. मग त्याचा पृष्ठभाग सपाट करायचा.

आता इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते तो आपल्या कामाचा आहे. सपाट बेड घडवायला सपाट यंत्र लागते. मग जगातली पहिली सपाट वस्तू कशी घडली? सरळपणा आला कुठून?

उत्तर मोठे गमतीचे आहे. लोखंडाच्या दोन ओबडधोबड पाट्या घ्या. एकीला निळा रंग फासा, दुसरीवर घासा. जिथे रंग लागेल तो उंचवटा स्क्रेपरने खरवडा. असे करत गेले की दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसतात. पण तेवढ्याने त्या सपाट ठरत नाहीत. एक खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असली तरी त्या जुळतीलच. म्हणून तिसरी पाटी घ्यायची. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी अशा तिन्ही जर एकमेकींशी जुळल्या, तर त्या सपाट असल्याच पाहिजेत, दुसरा मार्गच नाही. अचूक हत्यार हाती नसताना, केवळ आपसात ताडून पाहून अचूकपणा जन्माला येतो. जोसेफ व्हिटवर्थने ही पद्धत १८४० साली इंग्लंडच्या विद्वानांपुढे मांडली. तो हेन्री मॉड्स्ले ह्याच्या कारखान्यात काम केलेला माणूस. आणि हा मॉड्स्ले, ज्याने १८०० च्या सुमारास आटे पाडणारी लेथ नावारूपाला आणली, तो बाराव्या वर्षी वुलविचच्या शस्त्रागारात काडतुसे भरणारा कामगाराचा पोर होता. व्हिटवर्थने पुढे मँचेस्टरला कारखाना काढला. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलेचे वाफेचे इंजिन त्याच मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले. ते १९९४ पर्यंत धावले. आता ती गाडीही बंद पडली आहे.

मी वर्गात ह्या तीन पाट्या आवर्जून सांगतो. कारण 'त्यांच्या हातातच कला असते, ती पिढीजात यावी लागते' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. अचूकपणा रक्तातून येत नाही. तो तिसऱ्या पाटीतून येतो. त्याला वेळ लागतो, शिकवणारा लागतो आणि तोवर पोटाला लागते.

ह्या शेवटच्या तीन गोष्टी कोणाला मिळाल्या? बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी दाखवून दिले होते की मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात शिरू देत नाहीत. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची अडचण येई. विणकाम खात्यात मजुरी अधिक, हे ओघानेच आले. जातिव्यवस्था म्हणजे श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हे त्यांनी पुढे १९३६ साली मांडले; त्याचे इतके लख्ख उदाहरण दुसरे नसेल. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, त्यामागे हीच जाण होती.

माझे बाबा एका जिनिंगमध्ये हमाल होते. जिनच्या रोलरवर तेव्हा चामड्याच्या चकत्या असत आणि त्यांच्यावर लेथवर खाचा पाडाव्या लागत. बाबा रोलर खांद्यावर घेऊन लेथच्या शेडच्या दारापर्यंत जात. आत नेण्याचे काम दुसऱ्याचे. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. मेलेल्या जनावराचे कातडे ओढण्याचे काम पिढ्यान्पिढ्या ज्यांच्यावर लादले, त्यांच्यातल्या एकाला त्याच कातड्यावर खाच कशी पाडतात हे वीस वर्षांत एकदाही पाहता आले नाही, एवढेच.

म्हणून हल्ली जुगाडाचे जे कौतुक चालते त्याविषयी मला संशय आहे. गरिबाने भंगारातून काही जोडले की वर्तमानपत्रात फोटो येतो, कोणीतरी शाल देतो. पण आहे त्यात भागवा, हे तर आम्हाला शतकानुशतके सांगितले गेले आहे. देशाने स्वतः काय केले ते पाहा. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी लेथ बनवू लागली. महायुद्धाचा काळ, परदेशी यंत्रे येणे दुरापास्त झालेले. पुढे ती कंपनीही बुडाली, तो भाग निराळा. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली सरकारने बंगलोरला हिंदुस्थान मशीन टूल्स उभारली ती स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीशी करार करून. सरकारनेही भंगार गोळा करून सुरुवात केली नाही. विद्या पैसे मोजून विकत घेतली. मग केळापूर तालुक्यातल्या पोरानेच का शून्यातून सुरुवात करावी?

तेव्हा ठरले की विकत घ्यायची. आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी कोटेशन मागितले, तेही जीएसटी नंबर असलेल्या दुकानाचे. नव्या लेथचे कोटेशन मिळते, पण तिची किंमत आमच्या आवाक्याबाहेर. जुनी लेथ आवाक्यात, पण भंगारवाला कोटेशन देत नाही. आणि घरी घडवलेल्या लेथला तर बँकेच्या लेखी लोखंडाच्या किलोइतकीच किंमत. त्यात घर गायरानातल्या अतिक्रमणात. जागेचा कागद नाही म्हणून थ्री फेजचे कनेक्शन अडले, कनेक्शन नाही म्हणून धंद्याचा कागद अडला. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेने प्रत्येक बँक शाखेने निदान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या उद्योजकाला दहा लाख ते एक कोटी कर्ज द्यावे असे ठरवले. पण दहा लाख ही त्या योजनेची पहिली पायरी; आमची गरज तिच्या दहाव्या हिश्श्याची. कार्यकर्त्यांनी लढायचे तर मला वाटते ह्या बारीक कागदांवर लढावे. जुन्या यंत्राचे मूल्यांकन करून कर्ज मिळाले पाहिजे आणि वस्तीतल्या जागेचा उतारा मिळाला पाहिजे. ह्या मागण्या घोषणेत बसत नाहीत, म्हणून मोर्च्यात येत नाहीत.

शेवटी माझ्या पगारावर कर्ज काढले. पहिल्या पिढीच्या पदवीधराचा पगार हीच आपल्याकडची बँक, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. नागपूरला जाऊन राजकोटच्या बनावटीची साडेचार फुटी जुनी लेथ पाहिली. घरच्या लेथवर घालवलेले चार महिने कामी आले ते तिथे. विकणारा नवा रंग दाखवत होता. भाचा वाकून चकजवळचा बेड बोटाने चाचपत होता, कारण बहुतेक काम तिथेच होते आणि बेड आधी तिथेच झिजतो. त्याने स्पिंडल हाताने उचलून ढिलाई पाहिली. मग खिशातून मायक्रोमीटर काढला आणि म्हणाला, "एक सळई कातून पाहू द्या, शेठ." शेठने त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. पहिली लेथ नापास झाली. तिसरी घेतली.

ती आता गावाबाहेर रस्त्याला लागून भाड्याच्या खोलीत आहे. तिथे मीटर होते. जिनिंगवाला पुन्हा आला, तोच शाफ्ट घेऊन. घरची लेथ मोडली नाही. तिचा चक काढून नव्या लेथला जादा म्हणून ठेवला होता, तो भाच्याने परत बसवला. वस्तीतली दोन पोरे संध्याकाळी तिच्यावर सळया कातायला येतात. दोन्ही टोके मोजून टेपर किती आला ते वहीत लिहायचे, एवढेच त्यांना सध्या काम दिले आहे. परवा पाहिले तेव्हा त्यांनी बेडखाली विटा घालून तो चाळीसवरून बावीसवर आणला होता.