छातीत दुखते तेव्हा हृदयाच्या पेशीत काय होते?

चालताना छातीत दाटून येते आणि बसल्यावर थांबते, असे तुम्हाला होते का? याचे कारण पेशीच्या ऊर्जेत आहे. पेशी अन्नातील ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत साठवते. त्यातला एक फॉस्फेट सुटला की ऊर्जा मोकळी होते आणि स्नायू आकुंचन पावतो. मग फॉस्फेट पुन्हा जोडावा लागतो. हृदयात हे काम मुख्यतः ऑक्सिजनवर चालते, आणि तयार एटीपी असते जेमतेम काही सेकंदांपुरते. चालताना मागणी वाढते, अरुंद झालेल्या धमनीतून रक्त पुरत नाही, म्हणून दुखते. बसल्यावर थांबले तरी डॉक्टरांना दाखवाच.

धमनी पूर्ण बंद झाली तर तिथला स्नायू लगेच ढिला पडतो. साधारण २० मिनिटांनंतर पेशी मरू लागतात, आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. घरचे लोक प्रेमाने ग्लुकोजचे पाणी पाजतात. पण तुटवडा साखरेचा नसतो, ऑक्सिजनचा असतो. विश्रांती घेऊनही दुखणे थांबत नसेल, घाम येत असेल, तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा खात बसू नका. महाराष्ट्रात १०८ वर फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.