उतारावरचे पाणी, चढावरचे बिल

सोलापूरकर पाण्याचा हिशेब दिवसांत सांगतो. आज पाणी आलं, आता चार दिवसांनी. उन्हाळा असेल तर पाच. त्या पाण्यामागे किती युनिट जळले, हे घरात कुणी विचारत नाही. गेल्या दीडशे वर्षांत शहराचे पाणी कुठून कुठून आले ते पाहत गेलो, तर विजेचा हिशेब आपसूक उलगडतो.

सुरुवात स्वस्त होती. १८७१ साली पूर्ण झालेला एकरुख तलाव मुळात शेतीसाठी बांधलेला. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. तो शहराच्या उशाशीच. भवानी पेठेतले जलशुद्धीकरण केंद्र त्याच पाण्यावरचे. पण गिरण्यांमागून वस्ती वाढली, आणि पावसाच्या भरवशावरचा तलाव शहराला पुरेना. १९६४ साली महापालिका झाली. शहराची नजर दक्षिणेला, भीमेकडे वळली. टाकळीला पाणी उचलायचे आणि सोरेगावात शुद्ध करायचे, अशी ती योजना.

खरी गंमत १९८० नंतरची. उजनी धरण झाले. त्याची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर. सोलापूर साधारण ४५८ मीटरवर, म्हणजे धरण भरले की पाणी शहराहून उंच असते. हे उंचावरचे पाणी आपण भीमेच्या पात्रात सोडतो. पंढरपूरमार्गे आठ-दहा दिवसांनी ते औज बंधाऱ्यात पोहोचते, तोवर शहरापेक्षा बरेच खाली उतरलेले असते. मग टाकळीचे पंप तेच पाणी पुन्हा वर चढवतात. वाटेत नदीपात्र पिते, ऊन पिते, काठावरच्या मोटारी पितात. एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी सोडल्याच्या बातम्या दरवर्षी असतात. त्यात फक्त शहराचेच पाणी नसते, हे खरे. तरी तुलना करून पाहावी: दिवसाला १७० दशलक्ष लिटर पाणी वर्षभर अखंड आणले, तरी ते सव्वादोन टीएमसीच्या आत बसते.

एक हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला निसर्गनियमानेच ०.२७ युनिट लागते. पंप आणि मोटर मिळून सत्तर टक्के कार्यक्षम असतील तर ०.३९, पन्नास टक्क्यांवर आले तर ०.५४. पंप कितीही चांगला बसवा, गमावलेली उंची फुकट परत मिळत नाही. म्हणून मला वाटते, सोलापुरातली सर्वांत मोठी ऊर्जाबचत पंपघरात नव्हती, पाणी कोणत्या वाटेने आणायचे या निर्णयात होती.

नव्वदच्या दशकात उजनी ते शहराजवळच्या पाकणीपर्यंत थेट जलवाहिनी आली. ती शंभर किलोमीटरच्या वर लांब. धरण उंच असले तरी एवढ्या लांब नळातले घर्षण आणि मधले चढ पंपांनाच भागवावे लागतात. तरी दिशा बरोबर होती.

मोजणीची भाषा उशिरा आली. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा झाला. पुढे राज्याच्या सुजल निर्मल अभियानाने पाण्याचे आणि ऊर्जेचे लेखापरीक्षण नगरपालिकांच्या गळी उतरवले. अशा परीक्षणांत एक दृश्य शहरोशहरी सापडते. पंप गरजेपेक्षा जास्त दाबाचा घेतलेला असतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर मोटर जादा अँपिअर खेचून ट्रिप होते, म्हणून ऑपरेटर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवतो. पुढे दाब तयार करायला वीज, मागे तो दाब व्हॉल्व्हमध्येच मारायला तीच वीज! इम्पेलर तासून लहान केला किंवा मोटरचा वेग कमी करणारा ड्राइव्ह बसवला, की हे थांबते. कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर सुधारला तर बिल उतरते, पण पंपाच्या दांड्यावरचे काम तेवढेच राहते. ‘बचत झाली’ म्हणताना ही दोन खाती वेगळी ठेवावीत.

तिसरे खाते महापालिकेच्या कागदावर येतच नाही. पाणी चार दिवसांनी, तेही कमी दाबाने, म्हणून घरोघरी हौद आणि टुल्लू मोटर. चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो आणि गल्लीभर मोटारी घरघरायला लागतात. दहा मीटर उचलायला चांगल्या पंपाला हजार लिटरमागे ०.०४ युनिट पुरते. या छोट्या मोटारी त्याच्या कितीतरी पट खातात. १९९२ नंतरच्या हद्दवाढ भागात तर ही दुसरी पाणीपुरवठा योजनाच आहे, लोकांच्या मीटरवर चालणारी. युनिट भागिले पंपघरातून सोडलेले पाणी, हे सूत्र म्हणून मला अपुरे वाटते. भागाकार घरात पोहोचलेल्या पाण्याने करावा. मग वाटेतली गळतीही आपोआप विजेच्या खात्यात पडते.

सांडपाण्याचे काम तुलनेने नवे आहे. देगावला दिवसाला ७५, प्रतापनगरला १५ आणि कुमठ्याला साडेबारा दशलक्ष लिटरचे प्रकल्प झाले. जिवाणूंना हवा देऊन चालणाऱ्या प्रकल्पांत निम्मी किंवा त्याहून जास्त वीज ब्लोअर खातात. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजून ब्लोअरचा वेग बदलला तर बचत लगेच दिसते.

देगावच्या पाण्याची दुसरी बाजू शहराबाहेर आहे. एनटीपीसीचे १३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र सोलापूरजवळच, आणि २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात पन्नास किलोमीटरच्या आतले प्रक्रिया केलेले सांडपाणी अशा केंद्रांनी वापरावे अशी अट आहे. सोलापुरात मात्र व्यवहार वेगळा झाला: केंद्राला उजनीचे पाणी, आणि उजनीहून शहराकडे येणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीसाठी एनटीपीसीचे २५० कोटी. नागपुरात भांडेवाडीचे पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. इथे वीज तयार करायलाही पाणी शंभर किलोमीटरवरून ढकलत आणले जाते.